चुकलेली गाडी, सापडलेले घर

ईस्टरचा सण उलटला, की आपल्या धर्मग्रामांत लग्नाचे मांडव उभे राहू लागतात. चर्चमधील संस्कार, जेवणावळी, बँड, आहेर हे सारे आटोपले, की नवदांपत्य चार दिवस कुठेतरी बाहेरगावी जाते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हा रिवाज ठाऊक नव्हता. त्यांचा पहिला प्रवास म्हणजे माहेर ते सासर, फार तर मोतमाउलीच्या जत्रेला वांद्र्यापर्यंत. आता मात्र हा प्रवास महिनोन्महिने आधी आखला जातो, आणि तो आखला तसाच पार पडला पाहिजे असा घरोघर आग्रह असतो. गाडी चुकली, सामान भलतीकडे गेले, राहण्याची सोय फिसकटली, की नवरानवरीचे चेहरे उतरतात आणि ‘पहिल्याच पावलाला ठेच लागली’ असे एखादी आत्याबाई पुटपुटून जाते. शकुन-अपशकुन मानू नयेत, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेलो असतो. तरी मनाच्या कोपऱ्यात पाल चुकचुकतेच.

अशा वेळी आम्हांस एका जोडप्याच्या पहिल्या प्रवासाची आठवण होते. लग्नाच्या दिवशीच त्यांची गाडी चुकली. चुकली ती नवरदेवाच्या हातून, आणि कारणही असे, की ऐकणाऱ्याने कपाळावर हात मारावा. हा नवरदेव म्हणजे फादर ब्राऊनच्या रहस्यकथांमुळे जगभर नावाजलेले, पुढे कॅथॉलिक ख्रिस्तसभेचे बिनीचे लेखक ठरलेले गिल्बर्ट कीथ चेस्टरटन. आणि वधू फ्रान्सेस ब्लॉग. चेस्टरटन यांचे वाङ्मय वाचणारे पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या संसाराचा इतिहास पाहिला, तर त्या पहिल्या दिवशी जे घडले त्याचा अर्थ लागायला तब्बल पंचवीस वर्षे लागली असे दिसते. तोच इतिहास येथे सांगावयाचा आहे.

लग्नापूर्वी

गिल्बर्ट यांचा जन्म २९ मे १८७४ रोजी लंडन शहरातील केन्सिंग्टन भागात झाला. घर सुखवस्तू, आईवडील प्रेमळ, पण धर्माचरण बेताचेच. १८९६ साली बेडफर्ड पार्क या वस्तीत त्यांची फ्रान्सेस ब्लॉग यांच्याशी ओळख झाली. ही वस्ती कलावंतांची आणि नव्या विचारांच्या लोकांची. तेथे धर्मावर वाद घालणारे शेकड्याने होते. धर्म पाळणारे कोणी दिसत नसे. फ्रान्सेसबाई अँग्लिकन पंथाच्या, आणि त्या आपला धर्म मनापासून पाळीत. बागेत राबणारा माळी जसा बागेविषयी व्याख्यान देत नाही, तसे त्यांचे होते. या एका गोष्टीने तरुण गिल्बर्ट यांना चकित केले, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे.

१८९८ साली सेंट जेम्स पार्कमधील पुलावर गिल्बर्ट यांनी त्यांना मागणी घातली. होकार मिळाला, पण लग्नाला तीन वर्षे थांबावे लागले. प्रकाशनसंस्थेत हस्तलिखिते वाचण्याच्या नोकरीत संसार चालण्याजोगा पगार नव्हता. १९०० साली त्यांची पहिली दोन पुस्तके निघाली, वृत्तपत्रांतून नाव होऊ लागले, आणि मग कोठे दिवस ठरला. तो दिवस २८ जून १९०१, शुक्रवार. फ्रान्सेसबाईंचा तो बत्तिसावा वाढदिवस होता. वधू वरापेक्षा पाच वर्षांनी मोठी, आणि वर उंचापुरा, विसरभोळा, स्वतःच्या कपड्यांचे भान नसलेला. केन्सिंग्टनच्या सेंट मेरी ॲबट्स चर्चमध्ये कॉनरॅड नोएल या धर्मगुरूंनी लग्न लावले. वेदीपुढे वर गुडघे टेकून बसला, तेव्हा त्याच्या नव्या कोऱ्या बुटाच्या तळव्यावर किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली साऱ्यांना दिसली. वराची आई आणि त्याची एक बालमैत्रीण यांची नजरानजर झाली आणि दोघींना हसू आवरेना.

हे येथवर ठीकच होते. खरी गंमत पुढे आहे.

दूध आणि पिस्तूल

नवदांपत्याने पहिल्या प्रवासासाठी नॉरफोक ब्रॉड्स हा प्रदेश निवडला होता. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगतचा हा सखल पाणथळ मुलूख आहे. संथ नद्या, त्यांना जोडलेली उथळ तळी, काठाने बोरूची बने आणि पवनचक्क्या. ही तळी निसर्गनिर्मित आहेत असा तेव्हा सर्वांचा समज होता. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी मातीचे थर खणून काढले आणि त्या खाणींत पुढे पाणी भरले, हे विसाव्या शतकाच्या मध्यास संशोधनाने सिद्ध झाले. एकोणिसाव्या शतकात आगगाडी तेथवर पोहोचली, शिडाच्या होड्या भाड्याने मिळू लागल्या, आणि लंडनमधील मध्यमवर्गीय कुटुंबे तिकडे सुटीला जाऊ लागली. आपल्याकडे माथेरानला जावे तसेच हे. परवडणारे आणि फार दूर नसलेले.

ल्युशियन ओल्डरशॉ हे गिल्बर्ट यांचे शाळेपासूनचे मित्र. पुढे फ्रान्सेसबाईंच्या बहिणीशी विवाह करून ते त्यांचे साडूही झाले. त्यांनी जड सामान घेऊन पुढे स्टेशनवर जावे, ते गाडीत चढवावे, आणि नवरानवरीने मागाहून येऊन गाडी गाठावी, असे ठरले होते. ओल्डरशॉ वेळेवर गेले. सामान चढवले. फलाटावर येरझारा घालीत वाट पाहू लागले. गाडी सुटण्याची वेळ झाली, जोडप्याचा पत्ता नाही. अखेर गाडी सुटली. सामान गेले, नवरानवरी राहिली. मग काही वेळाने दोघे आले. चेस्टरटन यांचे चरित्र लिहिणाऱ्या मेसी वॉर्ड यांना ही हकीकत स्वतः ओल्डरशॉ यांनी सांगितली आणि १९४३ साली ती चरित्रात छापली गेली.

उशीर का झाला? नवरदेव वाटेत दोन दुकानांत थांबले होते. एका दुकानात त्यांनी पेलाभर दूध प्याले, आणि दुसऱ्या दुकानातून एक पिस्तूल व काडतुसे विकत घेतली.

ही गोष्ट चेस्टरटन यांनी कधीही नाकारली नाही. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी ती मोकळेपणाने कबूल केली आणि तिचा खुलासाही दिला. दुधाच्या दुकानाबाहेर पांढऱ्या गायीची आकृती होती. लहानपणी आईचे बोट धरून फिरायला निघाले, की त्याच दुकानात त्यांना पेलाभर दूध मिळत असे. आयुष्यातील दोन मोठी नाती म्हणजे आई आणि पत्नी. एकीच्या घरातून निघून दुसरीसोबत वाटचाल सुरू करताना त्या दुकानात दूध पिणे हा त्यांना एक विधीच वाटला. आपल्याकडे मुलगा लग्नाला निघताना आईच्या पाया पडतो, आशीर्वाद घेतो. हे दूध म्हणजे त्यातलाच प्रकार, असे आम्हांस वाटते.

पिस्तुलाचे कारण मात्र निव्वळ पोरकट होते, आणि ते पोरकट असल्याचे लेखकाने स्वतःच मान्य केले आहे. नॉरफोकच्या पाण्यावर चाचे असणारच, आणि त्यांच्यापासून नववधूचे रक्षण करायला हवे, हा तो हेतू. त्या भागात डेनिश आडनावांची माणसे अजून संशयास्पद संख्येने आढळतात, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे. थट्टेतही इतिहास आहे. नवव्या शतकात डेन्मार्ककडून आलेल्या दर्यावर्दी लुटारूंनी हा किनारा उद्ध्वस्त केला होता. पूर्व आंग्लियाचा राजा संत एडमंड ८६९ साली त्यांच्याच हातून रक्तसाक्षी झाला. पुढे हे लोक तेथेच स्थायिक झाले. हेम्स्बी, फिल्बी, ऑर्म्स्बी ही गावांची नावे आजही त्यांची साक्ष देतात. तेव्हा चाचे होते खरेच. फक्त नवरदेव हजार वर्षे उशिरा निघाले होते. पिस्तूल मिळवणेही त्या काळी अवघड नव्हते. त्याच्या विक्रीवर बंधन घालणारा कायदा इंग्लंडमध्ये १९०३ साली आला.

फ्रान्सेसबाई तेव्हा काय म्हणाल्या, हे आत्मचरित्रात आलेले नाही. त्याचेही कारण आहे. आपल्याला त्या पुस्तकात ओढू नये, अशी त्यांनीच पतीला विनंती केली होती. दुधाचे आणि पिस्तुलाचे कौतुक करून हसणे आपल्याला सोपे आहे; पण क्षणभर त्यांच्या जागी उभे राहून पाहावे. वाढदिवस आणि लग्न एकाच दिवशी, सकाळपासूनची दगदग, कपड्यालत्त्यांची जड पेटी पुढे निघून गेलेली, आणि शेजारी खिशात पिस्तूल बाळगणारा आनंदी नवरा. तेथे त्या रुसल्या असत्या, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. दोघांनी पुढची धिम्या गतीची गाडी पकडली आणि सामानाच्या मागोमाग प्रवास सुरू केला, एवढे मात्र इतिहासाला ठाऊक आहे.

पांढरा घोडा

त्या रात्री त्यांचा मुक्काम वाटेवरच्या इप्स्विच गावी झाला. ज्या खाणावळवजा हॉटेलात ते उतरले, त्याचे नाव ‘व्हाइट हॉर्स’, म्हणजे पांढरा घोडा. इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांना हे स्थळ परिचयाचे आहे. चार्ल्स डिकन्स यांच्या कादंबरीतले पिकविक साहेब याच हॉटेलात रात्री आपली खोली विसरतात आणि भलत्याच बाईंच्या खोलीत शिरून फजीत होतात. डिकन्सवर जिवापाड प्रेम करणारा, आणि १९०६ साली त्यांच्यावर नामांकित ग्रंथ लिहिणारा लेखक आपल्या संसाराची पहिली रात्र नेमका तेथे, वाट चुकण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या त्या जागी, घालवतो, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

चेस्टरटन यांच्या मनात मात्र डिकन्सहून जुनी एक आठवण जागी झाली. अगदी लहानपणी उजेडाने भरलेल्या खोलीत कोणीतरी लाकडी घोड्याच्या मुंडक्याला पांढरा रंग देत आहे, हे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत जुन्या स्मृतींपैकी एक दृश्य होते. तेव्हापासून पांढरा घोडा दिसला, की त्यांचे अंतःकरण हलत असे. लग्नाच्या दिवशी प्रवासाच्या आरंभी पांढरी गाय आणि अखेरीस पांढरा घोडा! गाडी चुकली, सामान दुरावले, तरी दिवसाची दोन टोके जणू कोणीतरी जुळवून ठेवली होती, असे त्यांना वाटले.

ही केवळ कवीची लहर म्हणून सोडून देता येत नाही. बरोबर दहा वर्षांनी, १९११ साली, चेस्टरटन यांचे एक दीर्घ काव्य प्रसिद्ध झाले. विषय होता आल्फ्रेड राजाने ८७८ साली एथनडूनच्या रणांगणावर डेनिश आक्रमकांचा केलेला पराभव. काव्यात हताश झालेल्या राजाला पवित्र मरियेचे दर्शन घडते. काव्याच्या नावात पांढरा घोडा आहे. तो तेव्हाच्या बर्कशरमधील डोंगरउतारावर खडूच्या मातीत कोरलेला प्राचीन घोडा. पांढरा घोडा आणि डेनिश चाचे, लग्नाच्या दिवशीच्या या दोन्ही गोष्टी येथे पुन्हा एकत्र आल्या, या वेळी थट्टा म्हणून नव्हे. आणि हे काव्य अर्पण केले आहे फ्रान्सेसबाईंना. क्रूस माझ्याकडे तूच आणलास, अशी कृतज्ञता त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त झाली आहे. पत्नीला चाच्यांपासून वाचवायला पिस्तूल घेऊन निघालेल्या नवऱ्याला दहा वर्षांनी उमगले, की वाचवले कोणी कोणाला.

पिस्तूलही वाया गेले नाही. १९१२ साली त्यांनी एक कादंबरी लिहिली. तिचा नायक पिस्तूल बाळगतो, ते कोणाला मारण्यासाठी नव्हे, तर जगण्याचा कंटाळा आलेल्यांना जगण्याची गोडी पुन्हा लावण्यासाठी. हाच नायक आपल्या स्वतःच्या बायकोला पुन्हा पुन्हा नव्याने मागणी घालतो, आणि सारी पृथ्वी प्रदक्षिणा घालून आपल्याच घराच्या दारी परत येतो.

नॉरफोकला अखेर दोघे पोहोचले. तेथून गिल्बर्ट यांनी बालमैत्रिणीला पत्र धाडले. आपल्याजवळ एक बायको, एक दोरीचा तुकडा, एक पेन्सिल आणि एक चाकू आहे, मधुचंद्राला माणसाला आणखी काय लागते, असा त्याचा आशय होता.

कोठेही जाणारी गाडी

या जोडप्याच्या दुसऱ्या एका सहलीची कथाही या पहिलीशेजारी ठेवून वाचायला हवी. लग्नानंतरच्या आरंभीच्या काळात एक दिवस दोघे काहीही न ठरवता घराबाहेर पडले. हा आमचा दुसरा मधुचंद्रच, असे चेस्टरटन म्हणतात. रस्त्याने हॅनवेल अशी पाटी लावलेली बस चालली होती. हॅनवेल तेव्हा वेड्यांच्या इस्पितळासाठी प्रसिद्ध होते. हा शकुन आपल्याला साजेसा आहे, असे म्हणून दोघे बसमध्ये चढले. मध्येच एका स्टेशनाजवळ उतरले आणि तिकिटाच्या खिडकीत चौकशी केली, की पुढची गाडी कोठे जाते? तुम्हांला कोठे जायचे आहे, असे कारकुनाने साहजिकच विचारले. पुढची गाडी जाईल तेथे, असे उत्तर मिळाले. गाडी स्लाव गावी जात होती. तेथे उतरून दोघे पायी चालू लागले आणि चालता चालता एका शांत खेडेवजा गावाच्या चौकात येऊन पोहोचले. तेथील ‘व्हाइट हार्ट’ नावाच्या खाणावळीत मुक्काम केला. गावाचे नाव विचारले, ते बेकन्सफील्ड निघाले. कधीतरी अशाच ठिकाणी आपण घर करू, असे ते एकमेकांस म्हणाले.

१९०९ साली त्यांनी खरोखरच तेथे बिऱ्हाड हलवले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. म्हणजे पाहा, नीट आखलेल्या प्रवासात गाडी चुकली, आणि मुळीच न आखलेल्या प्रवासात आयुष्यभराचे घर सापडले.

चेस्टरटन यांच्या विसरभोळेपणाच्या कथा पुढे साऱ्या इंग्लंडभर पसरल्या. व्याख्यानाच्या दौऱ्यावर असताना एकदा त्यांनी मार्केट हार्बरो स्टेशनवरून घरी तार केली, की मी येथे आहे, मी कोठे असायला हवे? ही गोष्ट खरी की नाही हे आपल्याला आठवत नाही, पण ती अशक्य मात्र नाही, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. फ्रान्सेसबाईंनी मेसी वॉर्ड यांना उत्तरही सांगून ठेवले. त्यांनी एकाच शब्दाची तार केली होती: ‘घरी’. आधी त्यांना घरी आणावे आणि मग पुन्हा योग्य गाडीत बसवून द्यावे, हेच सोपे पडे, असे त्यांचे म्हणणे. वाचक या कथेवर हसतात आणि पुढे जातात. परंतु त्या एका शब्दामागे किती वर्षांचा सराव होता! वेळापत्रक पाहणे, बॅग भरणे, तिकीट खिशात ठेवणे, कोट चढवून देणे, हे सारे फ्रान्सेसबाईच करीत. त्यांची प्रकृती नाजूक होती. दोघांनाही मुलांची फार आवड. पण अपत्यसुख त्यांना लाभले नाही. ती उणीव त्यांनी आसपासच्या मुलांवर माया करून भरून काढली.

तो पुढे, ती मागे

आता त्या प्रवासाकडे वळू या, ज्यासाठी हे सारे सांगितले.

१९०८ साली चेस्टरटन यांनी आपल्या श्रद्धेविषयी जो ग्रंथ लिहिला, त्याच्या आरंभी एका खलाशाची कल्पना आहे. हा इंग्रज खलाशी हिशेबात चुकतो आणि नवे बेट शोधल्याच्या आनंदात इंग्लंडच्याच किनाऱ्यावर झेंडा रोवतो. नवा धर्म शोधायला निघालो आणि जुनाच ख्रिस्तधर्म सापडला, असा त्याचा अर्थ. हा ग्रंथ वाचून ते कॅथॉलिकच आहेत असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात आणखी चौदा वर्षे ते उंबरठ्यावर थांबून होते. १९१४ च्या अखेरीस ते मरणाच्या दारी जाऊन आले; महिनोन्महिने शुद्ध हरपलेल्या पतीची शुश्रूषा फ्रान्सेसबाईंनी केली. १९२० साली यरुशलेमच्या यात्रेहून दोघे परतत असताना ब्रिंदिसी बंदरात पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे चेस्टरटन यांनी मनोमन वचन दिले, की मायदेशी परतल्यावर आपण हे पाऊल टाकू. तरी दोन वर्षे गेलीच.

अडचण काय होती? शंका कधीच फिटल्या होत्या. अडचण होती ती सोबतीची. ज्या बाईंनी त्यांना प्रथम ख्रिस्ताच्या वेदीपाशी आणले, त्यांना मागे ठेवून एकट्याने पुढे जाणे त्यांना जमत नव्हते. ज्या माणसाला पत्नीवाचून साधी गाडी गाठता येत नसे, त्याने हा प्रवास एकट्याने कसा करावा? फादर ब्राऊन हे पात्र ज्यांच्यावरून सुचले, ते धर्मगुरू जॉन ओकॉनर १९२२ च्या उन्हाळ्यात बेकन्सफील्डला आले. त्यांनी फ्रान्सेसबाईंना विश्वासात घेऊन सांगितले, की पतीला तुमच्याविषयीच काळजी वाटते. बाईंनी उत्तर दिले, की त्यांनी हे पाऊल टाकले तर मला हायसेच वाटेल. मनावर ओझे असले की ते फार अस्वस्थ होतात. स्वतः मात्र त्या अजून अँग्लिकनच होत्या, आणि आपल्या मनाची खात्री पटल्याशिवाय केवळ पतीसाठी धर्मपंथ बदलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

रविवार, ३० जुलै १९२२. बेकन्सफील्डला तेव्हा कॅथॉलिक चर्च नव्हते. स्टेशनाजवळच्या ‘रेल्वे हॉटेल’च्या आवारात पन्हळी पत्र्याच्या छपराची एक शेड होती, तेथेच पवित्र मिस्सा होत असे. आयुष्यभर गाड्या चुकवणाऱ्या या माणसाला ख्रिस्तसभेत प्रवेश मिळाला तो रेल्वेच्या नावाच्या हॉटेलात! चेस्टरटन फादर ओकॉनर यांच्याजवळ प्रायश्चित संस्कार घेत होते, तेव्हा फ्रान्सेसबाई दुसरे धर्मगुरू इग्नेशियस राइस यांच्यासह बाहेर हॉटेलातील बाकावर बसून होत्या. त्या रडत होत्या. विधी झाल्यावर दोन्ही धर्मगुरू जोडप्याला एकांत देऊन बाहेर पडले. काही विसरले म्हणून फादर राइस परत आत गेले, तेव्हा दोघे शेडमधून बाहेर येत होती. फ्रान्सेसबाईंचे अश्रू थांबले नव्हते, आणि गिल्बर्ट त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांचे सांत्वन करीत होते.

आम्हांस हे दृश्य १९०१ च्या त्या फलाटाशेजारी ठेवून पाहावेसे वाटते. त्या दिवशी सामान पुढे गेले होते आणि दोघे मागे राहिले होते. पण मागे राहिले ते दोघे मिळून. या दिवशी प्रथमच एक जण पुढे गेला आणि दुसरी फलाटावर उभी राहिली. मिश्र श्रद्धेच्या घरात काय वेदना असते, हे आपल्या धर्मग्रामांतील काही कुटुंबांना सांगावे लागणार नाही. रविवारी सकाळी एकाच घरातून दोन दिशांना जाणारी पावले, एकाच टेबलावर दोन वेगळ्या प्रार्थना. चेस्टरटन यांच्याजवळ शब्दांचे अमाप बळ होते. नास्तिकांशी, समाजवाद्यांशी, बर्नार्ड शॉ यांच्यासारख्यांशी ते जाहीर व्यासपीठावर वाद घालीत. पत्नीच्या बाबतीत मात्र त्यांनी वाट पाहिली.

ही वाट चार वर्षे पाहावी लागली. फ्रान्सेसबाई आपल्या गतीने, आपल्या विवेकाला साक्षी ठेवून आल्या. २८ जून १९२६ रोजी त्यांच्या विवाहास पंचवीस वर्षे झाली, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, सकल संतांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी कॅथॉलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. दोघे एकाच पवित्र ताटावर आले. लग्नाच्या दिवशी दोघांनी मिळून धिमी गाडी पकडली होती. या वेळी ती फ्रान्सेसबाईंनी एकट्याने पकडली, आणि मुक्कामी कोणीतरी त्यांची वाट पाहत उभे होते.

अखेरचा मुक्काम

१९३६ साली दोघांनी फ्रान्समधील लूर्द आणि लिझिये या तीर्थक्षेत्रांची यात्रा केली. ही त्यांची एकत्र अशी शेवटची मोठी वाटचाल. त्याच वर्षी १४ जून रोजी चेस्टरटन यांनी देह ठेवला. अडीच वर्षांनी, १२ डिसेंबर १९३८ रोजी, फ्रान्सेसबाईही त्यांच्यामागोमाग गेल्या. ज्या गावी ते कोठेही जाणाऱ्या गाडीने योगायोगाने पोहोचले होते, त्याच बेकन्सफील्डच्या भूमीत दोघे विसावली आहेत.

चेस्टरटन यांच्या निबंधांत आगगाडी आणि स्टेशन पुन्हा पुन्हा येते. गाडीची वाट पाहणे ही मोठ्यांना शिक्षा वाटते, पण लहान मुलाला त्याच फलाटावर सिग्नलचे लाल-हिरवे दिवे म्हणजे मेजवानी वाटते, असे निरीक्षण त्यांनी १९०८ च्या एका संग्रहात नोंदवले आहे. गैरसोय आणि साहस या दोन वेगळ्या वस्तू नव्हेत, पाहणाऱ्याची नजर वेगळी असते, हा त्याचा मथितार्थ. हे लिहिणारा माणूस पत्नीला सोबत घेऊन स्वतः फलाटावर बसला होता, हे ठाऊक असले म्हणजे त्या विधानाला वजन येते. मात्र एक सावधगिरीही हवी. गाडी चुकवणाऱ्याला साहसाचे गोडवे गाणे सोपे असते. त्याच्याबरोबर बाकावर बसून राहणाऱ्याला ते अवघड जाते. चेस्टरटन यांचा विसरभोळेपणा जगाला गोड वाटला, कारण त्याचे ओझे घरी कोणीतरी न बोलता उचलीत होते. या कथेतून केवळ नवरदेवाची गंमत घेतली आणि वधूचा संयम विसरलो, तर आपण अर्धीच कथा वाचली असे होईल.

विवाह संस्कारात आपण सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचे वचन देतो. त्यात वेळापत्रकाचा उल्लेख नाही. जोडीदारांपैकी एक भरभर चालणारा असतो, दुसरा सावकाश. कधी श्रद्धेत, कधी दुःख पचवण्यात, कधी क्षमा करण्यात एक जण पुढे निघून जातो. मागे राहिलेल्याला ओढू नये, पुढे गेलेल्याने पाठ फिरवू नये, आणि दोघांनी एकमेकांची वाट पाहावी, एवढेच त्या वचनाचे रोजचे रूप असते.

तेव्हा यंदाच्या लग्नसराईत कोणा नवदांपत्याची गाडी चुकली, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी अपशकुनाची भाषा काढू नये. त्यांना फलाटावर एक-एक पेला दूध घेऊन द्यावे आणि पुढच्या गाडीची चौकशी करावी. आणि आपल्या जोडीदाराने कधी दूरच्या कोणत्या तरी स्टेशनवरून विचारले, की मी कोठे असायला हवे, तर फ्रान्सेसबाईंचे उत्तर आपल्याही जिभेवर तयार असावे: घरी.